पुरवणीत पोर्क फ्राय का नाही?

संपादक साहेब, नमस्कार,

तुमच्या रविवारच्या पुरवणीत श्रावणात उपवासाचे पदार्थ, गटारीला चिकन-मटण, मध्येच सुरमई, पण पोर्कची एक साधी रेसिपी मी तरी कधी वाचली नाही. अहो ठाणे-वसईकडच्या ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्याच मूळच्या ख्रिस्ती घरांत बॉटल मसाला (बाटल्यांत भरून ठेवतात तो) पिढ्यान्‌पिढ्या होतोय, पोर्क पण, आणि ती माणसं मराठीच बोलतात की!

आम्ही कोपरीला राहतो, घरात माणसं सात. महिन्यातून एकदा दीड किलो आणतो, चरबीचा थर असलेलंच, नुसतं लाल मांस घेतलंत तर वातड होतं. आलं-लसूण, हळद, मीठ, थोडं व्हिनेगर लावून तासभर ठेवायचं मग कमी पाण्यात झाकून मऊ शिजवायचं आणि पाणी पूर्ण आटेपर्यंत थांबायचं, घाई केली की कढईतून असं उडतं की ओट्यामागच्या टाइल्स पुसत बसा. पुढे तेल लागतच नाही, स्वतःच्याच चरबीत कडा कुरकुरीत होतात, शेवटी मिरी आणि उभा कांदा. कच्चं मात्र अजिबात राहू द्यायचं नाही.

सोबत सूप. दुधी, गाजर, फरसबी, कोबी, मोठे तुकडे, मिक्सर नाही. सासूबाई पोर्क खात नाहीत म्हणून सुरू केलं, पातेलं वेगळं, डाव पण वेगळा, आता मुलंच दोन-दोन वाट्या पितात आणि सासूबाईंना उरत नाही.

तर छापा की एखाद्या रविवारी, फोटो मी पाठवते.

- एक वाचक, ठाणे पूर्व