कारागृहातील बंदीजनांच्या नियमित भेटीसाठी स्वयंसेवक आणि निधी यांचे आवाहन

येरवडा मध्यवर्ती कारागृह आणि तेथील महिला कारागृह येथील बंदीजनांना नियमितपणे भेटण्यासाठी आमच्या मंडळाला नवे स्वयंसेवक हवे आहेत आणि त्यांच्या प्रशिक्षणासाठी निधीची गरज आहे. १९३२ चा पुणे करार ज्या कारागृहात झाला, ते आपल्याला पाठ्यपुस्तकातून माहीत असते. तेथे आज राहणाऱ्यांची आठवण मात्र बहुधा राखीपौर्णिमेला आणि दिवाळीला होते. फराळ वाटला जातो, छायाचित्रे निघतात आणि पुढे वर्षभर कोणी फिरकत नाही. असे कार्यक्रम करणाऱ्यांच्या हेतूबद्दल शंका नाही, परंतु आम्हाला हवी आहेत ती ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी, किमान वर्षभर येऊ शकणारी माणसे.

स्वयंसेवक कारागृह अधीक्षकांच्या परवानगीने आत जातो. शासनाने नेमलेल्या अशासकीय अभ्यागतांप्रमाणे पाहणी करण्याचा अधिकार त्याला नसतो. त्याचे काम ऐकण्याचे, बोलण्याचे, लिहिण्या-वाचण्यास मदत करण्याचे असते. झडती प्रत्येक वेळी होईल आणि ती निमूटपणे द्यावी लागेल. मोबाइल, तंबाखू, औषधे, रोख रक्कम यांपैकी काहीही आत नेता येत नाही, कारण मनाई असलेली वस्तू कारागृहात नेणे हा कायद्याने गुन्हा आहे.

सर्वांत अवघड नियम चिठ्ठी किंवा निरोप बाहेर न नेण्याचा आहे. ‘आईला एवढंच सांगा, मी बरा आहे’ असे कोणी हात जोडून म्हणाले, तर नाही म्हणणे जिवावर येते. तरीही नाही म्हणावे लागते, कारण निरोप खरोखर आईसाठी आहे की एखाद्या साक्षीदारासाठी, हे आपल्याला समजण्याचा मार्ग नसतो. पत्र, दूरध्वनी आणि नातेवाइकांशी भेट (‘मुलाखत’) या रीतसर सोयी कशा मिळवायच्या हे त्या बंदीला सांगावे आणि अडचण तुरुंगाधिकाऱ्यांच्या कानावर घालावी. नियम बहुतेकदा वाईट माणूस मोडत नाही, कनवाळू माणूस मोडतो, आणि त्याची किंमत बंदीला मोजावी लागते: भेटी बंद होतात त्या सगळ्यांच्याच.

गुन्हा काय, हे आपण होऊन विचारू नये. सांगितल्यास ऐकावे, निवाडा करू नये. न्यायाधीन, म्हणजे निकाल अजून न लागलेल्या, बंदीच्या खटल्याबद्दल मत देणे, वकील सुचवणे, जामिनाची आशा लावणे कटाक्षाने टाळावे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार, फाशी किंवा जन्मठेपेची तरतूद नसलेल्या गुन्ह्यात, पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्या बंदीने कमाल शिक्षेच्या एकतृतीयांश काळ कोठडीत काढला असेल, तर त्याच्या सुटकेचा विचार होतो. त्यातही अपवाद आहेत. असा बंदी भेटल्यास हिशेब स्वतः मांडत न बसता त्याला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करण्यास सुचवावे, कारण कोठडीतील प्रत्येक व्यक्तीला मोफत विधी साहाय्याचा हक्क आहे. ‘बघतो, काहीतरी करू’ हे आपण बाहेर सहज बोलून विसरतो. आत तेच वाक्य पुढच्या भेटीपर्यंत मोजले जाते.

बंदीजनांशी अहो-जाहोनेच बोलावे. ते ‘ताई’, ‘दादा’ म्हणतील, म्हणू द्यावे. मात्र आपला पत्ता, दूरध्वनी क्रमांक, मुलांची छायाचित्रे देऊ नयेत आणि सुटकेनंतर परस्पर भेटू नये, उसने पैसे देऊ नयेत. नोकरी किंवा निवाऱ्याची मदत मंडळामार्फतच होईल. ऐकलेले बाहेर बोलायचे नाही, परंतु कोणी स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करण्याचे बोलला, तर ते लगेच अधिकाऱ्यांना कळवावेच लागते, आणि ही अट पहिल्याच भेटीत त्याला स्पष्ट सांगितलेली असावी. मारहाणीची तक्रार ऐकल्यास तारखेसह लिहून मंडळाच्या समितीकडे द्यावी. बातमीदाराकडे जाऊ नये आणि बराकीसमोर शिपायाशी वादही घालू नये. महिला कारागृहात आईसोबत सहा वर्षांपर्यंतची मुले राहू शकतात. त्यांचा लळा लवकर लागतो, म्हणून तेथे एकाच मुलाला खाऊ किंवा खेळणे देण्याचा मोह विशेष आवरावा लागतो. काम सोडायचे असल्यास दोन भेटी आधी सांगून निरोप घ्यावा.

अर्जदार एकवीस वर्षांवरील असावा. ज्यांचे नातेवाईक सध्या बंदी आहेत, ज्यांच्यावर खटला चालू आहे किंवा जे बंदीजनांची वकीलपत्रे घेतात, त्यांचा अर्ज आम्ही घेत नाही. पोलीस पडताळणी, प्रशिक्षण आणि अनुभवी जोडीदारासोबत काही भेटी झाल्यावरच नेमणूक होईल. एकट्याने भेट घेता येणार नाही.

निधी लागतो तो प्रशिक्षणासाठी, स्वयंसेवकांच्या प्रवासखर्चासाठी, परवानगी मिळालेल्या वह्या-पुस्तकांसाठी आणि समुपदेशकाच्या मानधनासाठी. दर महिन्याला दुसऱ्याचे दुःख ऐकणाऱ्यालाही कोणाशी तरी बोलावेसे वाटते, आणि ही बाब देणगीदारांना पटवणे आम्हाला सर्वांत कठीण जाते. कपडे, खाद्यपदार्थ, औषधे कृपया आणू नयेत. देणगी धनादेशाने द्यावी, पावती मिळेल. बंदीजनांच्या कुटुंबीयांकडून आम्ही देणगी घेत नाही आणि देणगीदारास कारागृह पाहण्याची सोय करून देत नाही.

अर्जाचा नमुना मंडळाच्या कार्यालयात संध्याकाळी मिळेल. अर्जासोबत ओळखपत्राची प्रत आणि आपण हे काम का करू इच्छिता, याविषयी स्वतःच्या हाताने लिहिलेले एक पान जोडावे.