आवाहन : वावर नांगरायच्या आधी एकदा धुरे-बांध पाहून घ्या

पैनगंगेच्या काठच्या आणि पांढरकवडा-आदिलाबाद रस्त्यावरच्या सर्व गावांना ग्रामपंचायत व महिला ग्रामसंघाचा नमस्कार.

आमच्या गावची एक सून गेल्याच्या आदल्या पोळ्यापासून बेपत्ता आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, पोरांच्या तान्ह्या पोळ्याला, तिने धाकट्याचा लाकडी बैल सजवून दिला. पोरगं बोजारा (बैलाची ओवाळणी) मागत घरोघर फिरलं. अंधार पडताना घरी आलं तर माय नव्हती आणि चूलही पेटलेली नव्हती. येत्या पोळ्याला दोन वर्षं होतील.

तिचं नाव आणि फोटो इथे मुद्दाम टाकलेला नाही. मागच्या वेळी तो मोबाईलवर फिरला, कोणीतरी त्याला गाणं लावलं आणि शाळेत दुसऱ्या पोरांनी तो तिच्याच लेकरांना दाखवला. फोटोचं पत्रक ग्रामपंचायतीत आणि एसटी स्टँडवर लावलं आहे, तिथे पाहावं. ओळख अशी : वय तेव्हा २९, अंगाने बारीक, डाव्या मनगटावर तुळशीचं गोंदण, उजव्या पोटरीवर विळ्याची जुनी खूण. अंगावर हिरवं लुगडं, पिवळा काठ. पायात जोडवी.

संशय नवऱ्यावर आहे, हे लपवून काही उपयोग नाही. सासूला त्याने सांगितलं की भांडून निघून गेली. शेजाऱ्यांना सांगितलं की माहेरी गेली. पंधरा दिवसांनी तिची माय दारात येऊन उभी राहिली, तेव्हा म्हणाला, बायांच्या टोळीसोबत तेलंगणात मिरची तोडायला गेली. भादव्यात मिरची? तोडणी उन्हाळ्याच्या तोंडावर असते, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. पण तीन गोष्टी सांगितल्या म्हणजे खून केला असं होत नाही. त्याला ठाण्यात बोलावून विचारपूस झाली आहे, अटक नाही. म्हणून त्याच्या घरावर दगड मारणाऱ्यांना आणि त्याच्या म्हाताऱ्या आईला पाणवठ्यावर टोमणे देणाऱ्यांना हात जोडून सांगतो, हे थांबवा. त्याने तपास पुढे जात नाही, उलट ज्याला काही सांगायचं आहे तो माणूस घाबरून गप्प बसतो.

पारावर रोज दोन गोष्टी ऐकू येतात. एक, "नार्को का नाही करत?" त्या माणसाची संमती नसेल तर ती चाचणी करता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच सांगितलं आहे. दुसरी, "लाशच नाही, तर केस कशाची?" हे चूक आहे. मृतदेह मिळाला नाही तरी बाकीचा पुरावा भक्कम असेल तर शिक्षा होऊ शकते, हे १९८१ पासून ठरलेलं आहे. तो बाकीचा पुरावा तुमच्याआमच्या डोळ्यांत आणि आठवणीत आहे, आणि घाई त्यासाठीच आहे.

उलंगवाडी झाली म्हणजे कापसाची वेचणी संपली, तूर निघाली, वावरं मोकळी पडली. आता नांगरट सुरू होईल. त्याआधी प्रत्येकाने आपले धुरे, पडीक विहिरी, नाल्याचा काठ आणि पऱ्हाटीचे (कापसाच्या वाळल्या झाडांचे) ढीग एकदा पाहावेत. कापड, बांगडी, जोडवं, हाड, काहीही दिसलं तरी हात लावू नका, उकरू तर मुळीच नका. जागेवर एक माणूस उभा ठेवा आणि पोलीस पाटलाला बोलवा किंवा ११२ वर फोन करा. जमीन उकरायची झालीच तर ती पोलीस आणि दंडाधिकारी उकरतील. हौसेने फावडं मारलं तर पुरावा मातीत जाईल.

दुसरी घाई फोनची. डिसेंबर २०२१ च्या नियमाप्रमाणे मोबाईल कंपन्यांना कॉलच्या नोंदी किमान दोन वर्षं ठेवाव्या लागतात. त्यापुढे त्या राहतीलच असं नाही. नोंदी राखून ठेवा असं पत्र ठाण्यात देऊन पोच घेतली आहे. आता उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात अर्ज करायचा आहे. वकिलाचा खर्च नाही, कारण १९८७ च्या विधी सेवा कायद्याने बाईला, तिचं उत्पन्न काहीही असो, वकील फुकट मिळतो. (१५१०० या नंबरवर कोणीही विचारू शकतं. आम्हाला हे कळायलाच वर्ष गेलं.)

मग पैसे कशाला? तिची माय निंदण-वेचणीच्या रोजीवर जगते. नागपूरची एक खेप म्हणजे दोन दिवसांची मजुरी बुडते, वर भाडं. दोन्ही नातवंडं आता तिच्याजवळच आहेत, त्यांची वह्या-पुस्तकं आहेत. अनोळखी मृतदेहांशी जुळवण्यासाठी तिचं रक्त घेतलं आहे, पण कुठून बोलावणं आलं की तिलाच जावं लागतं. मागे एकदा गेली आणि ती आपली लेक नाही म्हणून रडत परत आली. बरं वाटलं की वाईट, तिलाही सांगता आलं नाही. शिवाय पत्रकं तेलुगूतही छापायची आहेत, कारण रस्ता आदिलाबादकडे जातो आणि तिथल्या धाब्यांवर मराठी कोण वाचणार?

पैसे फक्त ग्रामसंघाच्या बँक खात्यात किंवा पावती घेऊन ग्रामपंचायतीत द्यावेत. कोणाच्या मोबाईलचा क्यूआर कोड आला तर तो आमचा नाही. ज्वारी, तूर, तांदूळ दिले तरी चालतील. हिशेब १ मेच्या ग्रामसभेत वाचून दाखवू.

आणि बाई, तू कुठे असशील आणि हे कोणी तुला वाचून दाखवलं, तर ऐक. तू सज्ञान आहेस. तुला धरून नवऱ्याच्या घरी कोणी आणू शकत नाही. कुठे आहेस तेही आम्हाला सांगू नकोस. फक्त १८१ या बायांच्या हेल्पलाइनवर "मी जिवंत आहे" एवढं कळव.

आठवडी बाजाराच्या दिवशी तिची माय ग्रामपंचायतीच्या ओट्यावर बसलेली असते. त्या तान्ह्या पोळ्याच्या संध्याकाळी किंवा रात्री कोणी बंडी, मोटरसायकल, टॉर्चचा उजेड पाहिला असेल, तर तिच्याजवळ येऊन बसा. नाव विचारणार नाही, चहा मात्र पाजल्याशिवाय ती सोडत नाही.

ग्रामपंचायत व महिला ग्रामसंघ