मुक्ताच्या रोबोट स्पर्धेच्या तयारीबद्दल दादाला पत्र

प्रिय दादा,

सा. न. वि. वि.

मुक्ताच्या टीमचा रोबोट सरावात कधी सगळी मिशनं, म्हणजे टेबलावर नेमून दिलेली कामं, करतो आणि कधी पहिल्याच वळणाला भरकटतो, असं तू लिहिलंस. वहिनींना वाटतंय की कोड कच्चा आहे. पाठवलेले व्हिडिओ पाहून मला तसं वाटत नाही. कोड बरा आहे, पण रोबोट दर वेळी थोड्या वेगळ्या जागेवरून आणि थोड्या वेगळ्या कोनात सुटतोय. पत्र लांबलंय, तरी नीट वाच आणि मुलांनाही वाचायला दे.

आधी हिशेब समजून घ्या. फर्स्ट लेगो लीगमध्ये, म्हणजे मुलांच्या या रोबोट स्पर्धेत, सामना अडीच मिनिटांचा, म्हणजे १५० सेकंदांचा असतो. अधिकृत फेऱ्या सहसा तीन होतात आणि त्यांतला सर्वांत मोठा स्कोअर तेवढा धरतात, बेरीज नाही. शिवाय टेबलावरचे गुण हा एकूण मूल्यमापनाचा चौथा हिस्सा. बाकीचे तीन हिस्से इनोव्हेशन प्रोजेक्ट (एखाद्या प्रश्नावर मुलांनी शोधलेला उपाय), रोबोट डिझाइन आणि कोअर व्हॅल्यूज (टीम मिळून कशी वागते) यांचे, आणि ते परीक्षक ठरवतात. म्हणजे एखादी फेरी फसली म्हणून रडायचं कारण नाही, आणि परीक्षकांपुढच्या अर्ध्या तासाची तयारी ‘जमेल तशी’ सोडून चालणार नाही.

आता सुटण्याची जागा. कोनात एक अंशाची चूक झाली तर एक मीटर पुढे गेल्यावर रोबोट साडेसतरा मिलिमीटर बाजूला जातो. दीड मीटरवर तीच चूक सव्वीस मिलिमीटर होते. मिशनचा खटका त्याहून अरुंद असतो, मग हुक हवेत फिरतो आणि मुलं कोडमधला आकडा बदलत बसतात. पुढच्या वेळी रोबोट दुसऱ्या कोनात सुटला की तो नवा आकडाही चुकतो. असे बदललेले आकडे साचत जातात आणि शेवटी मूळ काय होतं ते कुणालाच आठवत नाही. म्हणून नुसत्या नजरेने रोबोट लावायचा नाही. लेगोच्याच तुकड्यांची एक सरळ पट्टी बनवा. ती टेबलाच्या भिंतीला टेकवायची, रोबोटची पाठ पट्टीला टेकवायची आणि मग पट्टी उचलायची. प्रत्येक रनला, म्हणजे रोबोट सुटून परत येईपर्यंतच्या एका खेपेला, वेगळं अंतर लागत असेल तर तेवढ्या लांबीची वेगळी पट्टी, वेगळ्या रंगात. या पट्ट्याही सामन्याआधीच्या तपासणीत साहित्यात मोजल्या जातात हे लक्षात ठेवा. सगळं मिळून लाँच एरियात (रोबोट सुटण्यासाठी आखलेल्या जागेत) आणि ३०५ मिलिमीटर उंचीच्या आत बसायला हवं.

वाटेत चूक साचतेच, ती पुसायला भिंत वापरा. लांब पल्ल्याच्या मिशनआधी रोबोट सावकाश मागे घेऊन भिंतीला सपाट टेकवायचा, की कोन पुन्हा सरळ. यात एक खोच आहे. भिंतीकडे जाताना चाकाचे फेरे मोजून जाऊ नका, वेळ मोजून जा. चाक अडलं की ठरलेले फेरे पुरे होत नाहीत आणि प्रोग्रॅम तिथेच लटकू शकतो. पंचवीस टक्के वेगाने एखादा सेकंद पुरतो. रोबोटची पाठ मात्र खरंच सपाट हवी. व्हिडिओत उजवीकडे केबल बाहेर आलेली दिसते. तीच आधी भिंतीला लागते आणि सरळ होण्याऐवजी रोबोट तिरका होतो.

एरवी उलटा नियम: वेळेवर नाही, चाकाच्या अंशांवर चालवा. बॅटरी उतरली की तेवढ्याच वेळात रोबोट कमी अंतर जातो. तुमची चाकं ५६ मिलिमीटर व्यासाची असतील तर एका फेऱ्यात सुमारे १७६ मिलिमीटर अंतर पडतं, म्हणजे चाकाच्या एका अंशाला जवळपास अर्धा मिलिमीटर. हा आकडा हबजवळ (रोबोटचा मेंदू असलेल्या डब्याजवळ) चिकटवून ठेवा. वेग शंभर टक्के ठेवू नका. मोटर मागे पडली तर वेग भरून काढायला तिच्याकडे वाव उरत नाही, मग एक बाजू मागे राहते आणि रोबोट वळतो. सत्तरच्या आसपास ठेवा आणि सुरुवात-शेवट हळू करा. झटक्याने सुटलं की चाक घसरतं, आणि घसरलेला फेरा रोबोटच्या हिशेबात धरला जातो, जमिनीवर मात्र अंतर पडत नाही.

चाकांकडे कुणी पाहत नाही. रबरावर धूळ बसली की पकड जाते. प्रत्येक सामन्याआधी ओलसर फडक्याने पुसा, मग कोरड्याने. मागच्या गोळीच्या चाकात केस आणि धागे अडकतात, ते काढा. चाकाचा दांडा एकाच बाजूने धरलेला असेल तर वजनाने तो वाकतो आणि चाकं फाकतात. दोन्ही बाजूंनी आधार द्या. बुश (दांड्यावर बसणारी छोटी कडी) चाकाला इतका घट्ट लावू नका की तो घासेल. हाताने चाक फिरवून पाहा, दोन्ही सारखी मोकळी फिरायला हवीत.

जायरोबद्दल, म्हणजे रोबोट किती वळला ते मोजणाऱ्या सेन्सरबद्दल, बोलायचं तर मुलांनी बटण दाबलं आणि हात रोबोटवरच राहिला, तर शून्य धरताना रोबोट हलत असतो आणि पुढची सगळी वळणं वाकडी पडतात. बटणानंतर अर्धा सेकंद थांबून मग याव (डावी-उजवीकडे वळल्याचा कोन) शून्य करा, आणि हात काढायची सवय लावा. दुसरं, याव १७९ नंतर १८० होऊन उणे आकड्यांवर जातो. ‘याव १८० पेक्षा मोठा होईपर्यंत वळ’ अशी अट कधीच पुरी होत नाही आणि रोबोट गोल फिरत राहतो. ‘९० च्या बरोबर’ अशी अटही धोक्याची, कारण वाचन ८९ वरून एकदम ९१ वर जाऊ शकतं. ‘८८ पेक्षा मोठा’ लिहा, जडत्वाने तो पुढचे एक-दोन अंश स्वतःच जातो. किती जातो ते वेगावर अवलंबून आहे, मोजून घ्या.

रंग ओळखणाऱ्या सेन्सरवर सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण घरी चाललेली गोष्ट सभागृहात हमखास इथेच फसते. तो स्वतःचा प्रकाश सोडतो खरा, पण छताचे मोठे दिवे, खिडकीतलं ऊन आणि कॅमेऱ्यांचे फ्लॅश त्याच्या वाचनात मिसळतात. तो मॅटपासून (टेबलावर अंथरलेल्या छापील चटईपासून) सुमारे १६ मिलिमीटरवर ठेवा, म्हणजे लेगोच्या दोन स्टडच्या (तुकड्यावरच्या गोल उंचवट्यांच्या) रुंदीएवढा. फार वर असेल तर बाहेरचा प्रकाश शिरतो, फार खाली असेल तर वाचन विचित्र येतं आणि मॅटची घडी लागते. चारही बाजूंनी काळ्या तुकड्यांचं झाकण करा. कोडमध्ये ‘तीसपेक्षा कमी म्हणजे काळं’ असा ठोकळ आकडा नको. सभागृहात मॅटच्या काळ्या रेषेवर आणि पांढऱ्या भागावर वाचन घ्या. काळं २२ आणि पांढरं ९४ आलं तर मधला आकडा ५८, आणि रेषेच्या कडेने जायचं लक्ष्य तेच. काळा आणि पांढरा हे दोन आकडे प्रोग्रॅमच्या सुरुवातीला दोन व्हेरिएबलमध्ये ठेवा आणि बाकी सगळं त्यांवरून काढा. मग त्या दिवशी दोनच आकडे बदलायचे, वीस ठिकाणी शोधाशोध नाही.

हे सगळं तपासायला घरचं टेबल थोडं बिघडवा. एका पायाखाली पुठ्ठा घाला, एका बाजूने टॉर्च मारा, मॅटचा एक कोपरा थोडा उचललेला राहू द्या. तिथलं टेबल तुमच्यासारखं नसणार. मॅटला प्रवासातल्या गुंडाळीमुळे उंचवटे असतात, आणि मॅट-भिंतीमधली फट प्रत्येक टेबलाला वेगळी असू शकते. पट्टी भिंतीला टेकवून सुटणारा रोबोट ही फट गिळून टाकतो, पण फक्त त्याच बाजूची. आडव्या दिशेला तुम्ही मॅटवरच्या रेषेवर अवलंबून असाल तर तिकडे दोन-तीन मिलिमीटर फरक पडेल असं धरून चाला.

कुठली मिशनं ठेवायची, कुठली टाकायची, हे ठरवायला प्रत्येक रन दहा वेळा ओळीने चालवा आणि निकाल कागदावर लिहा. दहापैकी नऊ वेळा जमली तर ठेवा. सात-आठ असेल तर कारण शोधा. पाच-सहाच असेल तर ती मिशन कितीही देखणी असली तरी काढा. मुलं याला कडाडून विरोध करतील, विशेषतः ज्याने ती बनवली तो. करू दे. फक्त आकडे त्यांच्यासमोर ठेव आणि निर्णय त्यांनाच घेऊ दे.

मग वेळ बसवा. समजा रनना २८, २२, ३१ आणि १९ सेकंद लागतात, म्हणजे शंभर. मध्ये तीनदा अटॅचमेंट (रोबोटला लावायची अवजारं) बदलायला प्रत्येकी दहा सेकंद. झाले १३०, हाती उरले वीस. हे वीस नवी मिशन घुसवण्यासाठी नाहीत, एखादी रन पुन्हा चालवण्यासाठी आहेत. बदलायला दहाऐवजी पाच सेकंद लागावेत असं वाटत असेल तर पिनांनी घट्ट बसणाऱ्या अटॅचमेंट सोडा. वरून ठेवल्या की दात्यात दाता बसेल आणि वजनाने जागेवर राहतील अशा बनवा. पिना ओढताना रोबोट हलतो, शिवाय घाईत एखादी पिन हबच्या खाली जाते.

हबमध्ये प्रोग्रॅम ठेवायला वीस स्लॉट (क्रमांकाच्या जागा) आहेत. चुकीच्या स्लॉटवरून चुकीची रन सोडणं नेहमीचंच. रनच्या क्रमानेच स्लॉट द्या, अटॅचमेंटवर तोच आकडा चिकटवा आणि सुटण्याआधी हबवरचा आकडा एकाने मोठ्याने वाचायचा. नको असलेले जुने प्रोग्रॅम पुसून टाका.

रोबोट होमच्या (टेबलावरच्या टीमच्या जागेच्या) बाहेर अडकला तर घाईने हात घालू नका. हात घातला की पंच एक प्रिसिजन टोकन काढून घेतात. ही सहा टोकनं सुरुवातीला मिळतात आणि शेवटी जेवढी उरतील त्यांचे गुण. गेल्या काही हंगामांच्या नियमांत सहा टोकनांना ५० गुण, आणि पाच उरली तरी ५०च. म्हणजे पहिला हात फुकट. चार उरली तर ३५, तीन २५, दोन १५, एक १०. हे तोंडपाठ असलं की ‘उचलायचा की वाट पाहायची’ हे मुलं दोन सेकंदांत ठरवतात. या हंगामाचे आकडे मात्र नियमपुस्तिकेतून पडताळून घ्या, आणि नंतर आलेल्या दुरुस्त्याही वाचा. पुस्तिका आणि दुरुस्ती यांत फरक असेल तर दुरुस्तीच चालते. सामना सुरू होण्याआधी मॉडेल नीट मांडलेत का ते मुलांनी स्वतः पाहायचं आणि शंका असेल तर पंचांना तेव्हाच सांगायचं. सुरू झाल्यावर सांगून उपयोग नाही.

स्पर्धेच्या आठवडाभर आधी बांधणी गोठवा. हबचं फर्मवेअर आदल्या रात्री अद्ययावत करू नका, लॅपटॉपचे आपोआप होणारे अपडेटही बंद ठेवा. प्रोग्रॅमच्या प्रती पेन ड्राइव्हवर, फाइलच्या नावात तारीख घालून. रोबोटचे चारही बाजूंनी आणि खालून फोटो काढून छापून घ्या. रोबोट हातातून पडला तर त्या फोटोंवरूनच तो पुन्हा उभा राहतो. सोबत जास्तीची चार्ज केलेली बॅटरी, एक मोटर, एक रंग-सेन्सर, मूठभर काळ्या पिना, दांडे, बुश, फडकी, मोजपट्टी, स्टॉपवॉच आणि एक्स्टेन्शन बोर्ड. तिथे डझनावारी हब एकाच वेळी चालू असतात, ब्लूटूथने भलत्याच हबला जोडले जाल. यूएसबी केबलच वापरा आणि हबला टीमचं नाव द्या. टेबलापर्यंत रोबोट हातात नको, कडा असलेल्या ट्रेमध्ये न्या.

सरावाच्या टेबलावर तिथे थोडाच वेळ मिळतो. पूर्ण रन चालवण्याचा मोह टाळा. आधी काळं-पांढरं वाचन, मग भिंतीची फट, मग सगळ्यात लांब पल्ल्याची रन एकदा. बस.

परीक्षकांपुढे अर्धा तास असतो. त्यात प्रोजेक्ट सांगायला पाच मिनिटं, त्यावर प्रश्नांना पाच, रोबोटला तशीच पाच आणि पाच, बाकी गप्पा आणि अभिप्राय. प्रत्येक मुलाने बोलायला हवं, आणि कोड एकानेच केला असं दिसायला नको. परीक्षकांना ‘आमचा रोबोट भारी आहे’ ऐकायचं नसतं. आधी काय होतं, काय बिघडलं, काय बदललं, त्याने किती फरक पडला हे दाखवा. दहा-दहा चाचण्यांचे ते कागद तिथे न्या. चुरगळलेले असले तरी चालतील, उलट बरंच.

आणि दादा, तुझ्यासाठी. त्या दिवशी लॅपटॉपला हात लावायचा नाही. टेबलापाशी गणित सांगायचं नाही, परीक्षकांसमोर मुक्ताचं वाक्य पूर्ण करायचं नाही. तुझं काम वेळापत्रक हातात ठेवणं, टीमला पाच मिनिटं आधी जागेवर नेणं आणि फेऱ्यांमध्ये बॅटरी चार्जिंगला लागली का ते पाहणं. वहिनींना चाचण्यांच्या नोंदी ठेवायला सांग, त्यांचा हात नीटनेटका आहे आणि मुलं त्यांचं ऐकतात.

केबल आत घेतल्यावर आणि पट्टी बनवल्यावर दहा रनचा कागद मला पाठवा. व्हिडिओ बरोबर वरून काढा, बाजूने नको, म्हणजे कोन दिसतो.

मुक्ताला आणि तिच्या टीमला शुभेच्छा. वहिनींना नमस्कार.

तुझी,
सुधा