व्हायोलिन शिकणाऱ्या मुलांच्या उजव्या हाताकडे बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गुरुपौर्णिमेला आपल्या नाशिकमधल्याच एका क्लासचा कार्यक्रम ऐकायला गेलो होतो, नऊ-दहा वर्षांची सात-आठ मुलं मांडी घालून व्हायोलिन वाजवत होती, सूर बऱ्यापैकी लागत होते, पण माझं लक्ष सारखं त्यांच्या उजव्या खांद्यांकडे जात होतं. सगळे कानाला टेकायला आलेले! एका मुलीने गज, म्हणजे तारांवर फिरवायची काठी, इतका आवळून धरला होता की अंगठ्याचं नख पांढरं पडलेलं. घरी आलो तरी ते नख डोळ्यासमोरून जाईना म्हणून हे पत्र.

मी सातपूरला नोकरी करतो, व्हायोलिन चाळिशीत सुरू केलं. पहिल्या क्लासमध्ये दुसऱ्याच महिन्यात अलंकार म्हणजे सुरांचे पलटे, मग लगेच परीक्षेचे राग, आणि आवाज बारीक आला की "दाबून वाजवा" एवढंच. दाबलं. दोन वर्षांत खांदा असा धरला की रात्री त्या कुशीवर झोपता येईना, गोळ्या झाल्या, शेक झाला, वाटलं आता वयच झालं. मग पंचवटीतल्या एका वयस्कर गुरुजींकडे गेलो. त्यांनी वाजवायला सांगितलंच नाही, माझ्या कोपराखाली तळहात धरला, म्हणाले सगळा हात माझ्यावर टाकून द्या, आणि हळूच स्वतःचा हात काढून घेतला. माझा हात तसाच हवेत! मला वाटत होतं मी सोडलाय.

गजाचं वजन साधारण 60 ग्रॅम असतं हो, तो धरायला ताकद कशाला लागते? भरीव आवाज येतो तो हाताच्या वजनाने, ते पाठीतून, खांद्यातून, कोपर मनगट करत गजावर उतरतं, खांदा आवळला की वरच अडकतं आणि मग ती कसर भरून काढायला तर्जनी दाबते, अंगठा खालून उलटा रेटतो, तार गुदमरते आणि खरखर सुरू. त्यात गज मुठीकडे जड आणि टोकाला हलका, हा फरक करंगळी आणि तर्जनी आलटून पालटून सांभाळतात, बोटं काठीसारखी ताठ असली तर कशी सांभाळणार? आपल्या बैठकीत व्हायोलिनचं डोकं उजव्या पायावर टेकतं, डावा हात मींडेसाठी, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायला, मोकळा राहतो, ही केवढी सोय, पण सगळी शिकवणी त्या डाव्या हाताचीच होऊन बसते. एन. राजम किंवा डी. के. दातार या व्हायोलिनवादकांचं वादन ऐका, गायकी अंग, म्हणजे गळ्यासारखं वाजवणं, म्हणतात त्यातला श्वास सगळा उजव्या हातात आहे.

गुरुजींनी मला तीन महिने फक्त षड्ज म्हणजे सा दिला. रिकामी तार, मिनिटाला 60 मात्रांची लय, गजाची एक ओढ आठ मात्रा, मग बारा, मग सोळा, आणि गज बदलताना श्वास सोडायचा. पहिले पंधरा दिवस कंटाळा आला, खोटं कशाला बोलू. पण हळूहळू दुखणं कमी झालं आणि एक दिवस शेजारच्या काकू म्हणाल्या आज कॅसेट लावली होती का!

गायक आणि संगीतशिक्षक पं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी पंचवटीत आश्रम काढला ते हे गाव, शिकवणारे इथे कमी नाहीत, त्यांना हात जोडून विनंती की पहिले तीन-चार महिने परीक्षेचा फॉर्म बाजूला ठेवा आणि उजवा हात घडवा. पालकांनीही "गाणं कधी वाजवणार" असं दर आठवड्याला विचारू नये, सरांवर त्याचंच प्रेशर येतं. आज मूल रियाजाला बसलं की जरा बाजूला बसून त्याचा खांदा आणि अंगठ्याचं नख बघा, पांढरं दिसलं तर थांबवा, हात दोन मिनिटं खाली सैल सोडू द्या, आणि पुढच्या क्लासला सरांशी बोला.

कळावे,
एक व्हायोलिन शिकणारा वाचक,
इंदिरानगर, नाशिक