भिंग घेऊन वाचायचे का?

महोदय,
सुट्टीला आलेल्या नातवाने परवा विश्रामबागेतल्या दुकानातून गोठवलेला पेपरोनी पिझ्झा आणला. पेपरोनी म्हणजे मीठ-मसाला लावून मुरवलेल्या मांसाच्या चकत्या, हे त्यानेच मला सांगितले. काय खावे हा ज्याचा त्याचा प्रश्न. माझी तक्रार पाकिटामागच्या मुंगीएवढ्या अक्षरांबद्दल आहे.

अशा पिझ्झात १०० ग्रॅममागे साधारण २५० ते २८० किलोकॅलरी आणि ६०० मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम असते. प्रथिने १० ग्रॅमच्या वर, हेही कबूल केले पाहिजे. पण ३०० ग्रॅमचा पिझ्झा एकट्याने संपवला की सोडियम झाले १८०० मिलिग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात २००० पेक्षा कमीच सांगते, म्हणजे मीठ ५ ग्रॅमच्या आत. सोडियमला अडीचने गुणले की मीठ निघते, हे दुकानात उभ्या माणसाने कसे ओळखावे? त्यात ‘एका वाढणी’चा आकडा एखाद-दुसऱ्या तुकड्याचा असतो. आमच्या नातवाने अख्खा फस्त केला, वर कोल्ड्रिंक!

याच संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये प्रक्रिया केलेल्या मांसाला कर्करोगकारक ठरवले आहे. त्याची ओळ पाकिटावर कुठेच नव्हती.

‘आपल्या भडंगाच्या पाकिटावर तरी कोण वाचतं?’ असे सूनबाई म्हणाल्या. खरे आहे. म्हणून मीठ, साखर, चरबीचे आकडे सगळ्याच पाकिटांवर पुढच्या बाजूला, मराठीत आणि ठळक छापायला लावावेत.

– एक आजोबा, सांगली