लेन्सचा नुसता नंबर विचारून भागत नाही

मा. संपादक,
मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं की सगळे लेन्सचा नंबर आणि खर्च विचारतात, तिची घडण कशी आहे हे कोणी विचारतच नाही. बऱ्याच मल्टिफोकल लेन्सवर बारीक गोल वलयं असतात, ती प्रकाश लांबच्या आणि जवळच्या नजरेसाठी वाटून देतात, त्यामुळे चष्म्याची गरज कमी होते हे खरं, पण वाटणी झाली की प्रत्येकाच्या वाट्याला कमीच येणार ना! मग रात्री समोरच्या गाडीच्या दिव्याभोवती कडी दिसतात, आणि अंधुक उजेडात करड्या फरशीवरची करडी पायरी चटकन कळत नाही. एकाच, बहुधा लांबच्या, नजरेसाठी असलेल्या मोनोफोकल लेन्समध्ये हा त्रास बराच कमी, वाचायला मात्र चष्मा लागतो. टोरिक लेन्स सिलिंडरचा नंबर, म्हणजे डोळ्याचा गोलवा एका दिशेला जास्त असल्याचा दोष, भरून काढते, पण ती डोळ्यात 30 अंश फिरली तर तो फायदा जवळपास शून्य. चौकोनी कडेच्या लेन्समुळे डोळ्यातल्या ज्या पातळ पिशवीत लेन्स बसवतात तिच्या मागच्या बाजूवर पुन्हा धुरकटपणा येणं कमी होतं, पण काहींना त्याच कडेमुळे बाजूला सावली दिसते. रात्री गाडी चालवणाऱ्यांना, रेटिनाचा (डोळ्याच्या पडद्याचा) आजार असणाऱ्यांना तरी डॉक्टरांनी हे ऑपरेशनच्या आधी नीट बसवून सांगावं, नुसतं माहितीपत्रक हातात देऊ नये.
– एक वाचक