बाजार पडला, रेडी रेकनर तसाच

भाव उतरले की आधी अडलेला माणूसच जमीन विकायला काढतो. शेजारच्या कुटुंबात नोकरी गेली, घरकर्जाचे हप्ते थकले, म्हणून त्यांनी गावाबाहेरचा एनए (बिगरशेती) प्लॉट विकायला काढला. गिऱ्हाईक मिळाले, पण रेडी रेकनरपेक्षा, म्हणजे सरकारने ठरवलेल्या जमिनीच्या दरापेक्षा, बऱ्याच कमी भावाने. मुद्रांक शुल्क मात्र रेकनरच्या किमतीवर; शिवाय फरक १० टक्क्यांहून जास्त, म्हणून हातात न आलेल्या पैशांवर विकणाऱ्याला प्राप्तिकर आणि घेणाऱ्यालाही! व्यवहार फिसकटला, घरातले सोने गहाण पडले. सप्टेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने मुद्रांक शुल्कात ३ टक्क्यांची कपात केली होती. म्हणजे मंदीत दिलासा देता येतो. जिथे भाव खरोखर पडलेत, तिथे रेकनरचे दरही सरकारने उतरवावेत.

– एक वाचक, नाशिक